रक्तदान कीं देवघेव ?

दानधर्माच्या बाबतींत आपला देश कोणास हार जाणारा नाहीं, असें आपण वारंवार ऐकतों, आणि तें सर्वथा खोटें आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु आपल्या दानाची जुनी रीत पाहिली, तर तींत घेणाऱ्याच्या गरजेपेक्षां त्याच्या पात्रतेकडे, म्हणजे बहुधा जातीकडे, आणि स्वतःच्या पदरीं पडणाऱ्या पुण्याकडे दात्याचें लक्ष अधिक असे. ब्राह्मणास गोदान, तीर्थक्षेत्रीं अन्नदान, देवळास कळस, आणि कळस चढला कीं पायरीवर दात्याच्या नांवाची शिळा ! अशा दानानें आनंद होत नाहीं असें नव्हे; पण तो पुष्कळसा सावकाराचा आनंद, ठेव सुरक्षित असल्याचा.

या चौकटींत मुळींच न बसणारें एक दान गेल्या कांहीं पिढ्यांत आपल्याकडे रुजलें, तें रक्ताचें. लँडस्टायनर यानें १९०१ सालीं रक्तगटांचा शोध जगापुढें मांडला, त्या दिवशीं सोंवळ्याचा आधारच निसटला असें म्हटलें पाहिजे. ज्याची सावली आपल्या वाडवडिलांस चालत नव्हती त्याचें रक्त आपल्या नसांतून निर्वेध वाहतें, आणि सख्ख्या भावाचें कित्येकदां चालत नाहीं. रक्तपेढींतील पिशवीवर गट असतो, क्रमांक असतो. कुळ, गोत्र किंवा धर्म यांस तेथें जागा नाहीं. मुंबईंतच १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं जो विरळा ‘बॉम्बे’ रक्तगट उजेडांत आणला, त्या गटाच्या रोग्यास तर त्याच गटाच्या माणसावांचून गति नाहीं. मग तो माणूस कोण, कोठचा, हें विचारण्याची चैन कोणास परवडणार ?

शिबिरांतून बाहेर पडणारीं माणसें आम्ही पाहिलीं आहेत. कोपरांत कापसाचा बोळा दाबलेला, एका हातांत चहाचा पेला, आणि चेहऱ्यावर किंचित् संकोचयुक्त समाधान. आपलें रक्त कोणास गेलें हें त्यांस कळणार नाहीं, व तो मनुष्यही यांचे आभार मानावयास येणार नाहीं. तरीसुद्धां तीन महिन्यांनीं तींच माणसें पुन्हां येतात. (पुरुषास नव्वद दिवसांचें अंतर पुरतें, स्त्रीस एकशेंवीस लागतात.) परतफेडीची वाटच बंद असलेल्या दानाचा हा आनंद आहे, आणि आमच्या मतें तोच निर्भेळ होय.

आज याच आनंदावर घाला पडूं पाहत आहे, म्हणून हा लेख. पूर्वी आपल्या शहरांत रक्ताचा उघड बाजार होता. अर्धपोटीं माणसें चार पैशांकरितां पुन्हां पुन्हां रक्त विकीत, आजार लपवीत, आणि त्याचें प्रायश्चित्त रोगी भोगीत. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिलेल्या निकालान्वयें १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला. मोल दिल्यानें रक्त वाढत नाहीं, बिघडतें मात्र, हें रिचर्ड टिटमस या इंग्रज पंडितानें १९७० सालींच इंग्लंड व अमेरिका यांची तुलना करून प्रतिपादिलें होतें. पण दाराबाहेर घालविलेला बाजार आतां खिडकींतून आंत येत आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस आला कीं मांडव पडतो, फलक लागतात, आणि रक्त देईल त्यास हेल्मेट, डबा किंवा प्रवासी पिशवी ! कोणी म्हणतील, यांत बिघडलें काय ? रक्त तर मिळालें ना ? बिघडलें तें असें कीं, हेल्मेटाच्या आशेनें रांगेंत उभा राहिलेला तरुण गेल्या महिन्यांतील कावीळ सांगेलच असा भरंवसा उरत नाहीं. आणि जो नुसता द्यावयास आला होता त्याच्याही हातीं डबा देऊन त्याच्या दानाची किंमत आपण ठरवून टाकतों.

शिवाय रक्त म्हणजे कोठारांत भरून ठेवण्याचें धान्य नव्हे. तांबड्या पेशी फार तर बेचाळीस दिवस टिकतात, बिंबिका अवघे पांच दिवस. एका वाढदिवशीं विक्रमाच्या हौसेनें गरजेहून अधिक पिशव्या भरावयाच्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत, महाविद्यालयें बंद असतां, रोग्याच्या नातलगांनीं या पेढीहून त्या पेढीस धांवावयाचें, ही कोणती व्यवस्था ? थॅलॅसेमिया झालेल्या मुलास दोन ते चार आठवड्यांनीं रक्त लागतें. पुढाऱ्याच्या जन्मतिथीची वाट तें मूल पाहूं शकत नाहीं.

आमचें सांगणें थोडें आहे. मंडळांनीं शिबिराचा दिवस स्वतः न ठरवितां रक्तपेढीस विचारून ठरवावा, व भेटवस्तूंचा पैसा रक्ततपासणीच्या साधनांकडे वळवावा. दात्यांनीं चहा घ्यावा आणि डबा परत करावा. आणि पेढ्यांनीं एक गोष्ट स्वीडनकडून उचलावी : तेथें दात्याचें रक्त रोग्यास दिलें गेलें कीं त्यास तसा दोन ओळींचा संदेश जातो. नांव कोणाचेंच त्यांत नसतें. खर्च जवळजवळ शून्य, आणि उन्हाळ्यांत त्या दात्यास पुन्हां बोलावणें सोपें.