पासवर्डच्या उंबरठ्यावर नवा विद्यार्थी

नवी दिल्लीत मंडी हाऊस चौकालगतच्या कोपर्निकस मार्गावर दूरदर्शनचे मुख्यालय आहे आणि याच मार्गावर जुने महाराष्ट्र सदनही आहे. राजधानीत शिक्षणासाठी वा परीक्षेसाठी येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा परिसर अनेक वर्षांच्या ओळखीचा. येथून मेट्रोने राजीव चौक गाठायचा, तेथे गाडी बदलायची आणि विश्वविद्यालय स्थानकावर उतरायचे, असा दिल्ली विद्यापीठाचा सरळ रस्ता आहे. परंतु विद्यापीठात प्रवेश मिळवण्याचा रस्ता आता येथून जात नाही. तो लातूर किंवा चंद्रपूरमधील एखाद्या मोबाइलच्या पडद्यावर सुरू होतो आणि अनेकदा त्याच पडद्यावर अडतो.

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक परीक्षा घेतली जाते. ही परीक्षा तेरा भाषांत देता येते व त्यांत मराठीचाही समावेश आहे. दिल्ली विद्यापीठाने त्याच वर्षी गुणांच्या ‘कट-ऑफ’ याद्या बंद करून सामायिक जागावाटप पद्धती आणली. आधी नोंदणी, मग महाविद्यालय व विषयांचा पसंतीक्रम आणि शेवटी जागावाटप, असे तिचे तीन टप्पे. सर्व टप्पे ऑनलाइन आहेत आणि प्रत्येकाला मुदत आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत वाट्याला आलेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर ती नाकारल्याचे धरले जाई आणि विद्यार्थी पुढील फेऱ्यांतूनही बाहेर पडे. म्हणजे मराठीतून उत्तरे लिहून गुण मिळवलेल्या मुलाला पुढचा सारा व्यवहार मुख्यतः इंग्रजीत, एका खात्याच्या आधारे आणि घड्याळाकडे पाहत करावा लागतो. परीक्षेच्या तयारीवर घराघरांतून दोन-दोन वर्षे खर्च होतात. या खात्यावर मात्र अर्धा तासही कोणी खर्च करीत नाही.

अडचण बहुधा अगदी साध्या ठिकाणी उद्भवते. अर्ज भरण्यासाठी गावातील इंटरनेट केंद्रात गेलेल्या विद्यार्थ्याचा ई-मेल पत्ता केंद्रचालकच तयार करून देतो आणि त्याचा पासवर्ड चालकाच्या वहीत राहतो. मोबाइल क्रमांक वडिलांचा असतो. आधारलाही तोच जोडलेला. दिल्लीत मुलगी संगणकासमोर बसलेली आणि काही मिनिटांत बाद होणारा ओटीपी मराठवाड्यातील शेतात, जेथे फोनला रेंज नाही तेथे, अशी स्थिती घरोघरी परिचयाची आहे. दुसरी अडचण खास महाराष्ट्राची आहे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव येते आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. आधार कार्डावर हाच क्रम पुष्कळदा उलटा असतो, स्पेलिंगही वेगळे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये नियम करून सुरू केलेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीचे खाते डिजिलॉकर व आधारमार्फत उघडावे लागते. तेथे संगणकाला ‘पाटील सुनीता’ आणि ‘सुनीता पाटील’ ही एकच व्यक्ती असल्याचे उमगेलच, असे नाही. गावच्या तलाठ्याला ते विचारावेही लागले नसते.

याच कोपर्निकस मार्गाशी निगडित जुन्या प्रयोगाशी तुलना करता हा फरक अधिक स्पष्ट होतो. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रम तयार केले. भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती, प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. या त्रुटी लहान नव्हत्या. पण पाहणाऱ्याकडून त्या वर्गाने ओळखपत्र मागितले नाही. दूरचित्रवाणी संच सुरू केला की वर्ग सुरू होई. आजच्या सेवा त्याहून कितीतरी समृद्ध आहेत, मात्र त्यातील प्रत्येक सेवेच्या दारावर कुलूप आहे.

ही समृद्धी किती मोठी आहे, याची कल्पना नव्या विद्यार्थ्याला क्वचितच दिली जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके आणि ६ हजार ३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. गडचिरोलीतील गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दिल्लीतील विद्यार्थ्याच्या बरोबरीने बसवण्याची ताकद या योजनेत आहे. परंतु वसतिगृहातून किंवा घरून ही नियतकालिके वाचायची, तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘इन्फेड’ व्यवस्थेत संस्थेने दिलेले खाते लागते. ज्याच्याकडे ते खाते नाही, त्याच्यासाठी ही सारी नियतकालिके पूर्वीइतकीच महाग आहेत. ‘एज्युरोम’चेही तसेच. आपल्या संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या संस्थेतही वाय-फाय वापरता येते, हे पदवी हाती पडेपर्यंत अनेकांच्या कानावर येत नाही.

हा प्रश्न राजधानीपुरता नाही. दिल्ली विद्यापीठात आकाराला आलेली ‘समर्थ’ ही संगणकीय प्रणाली आता मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश नोंदणीतही वापरली गेली आहे. पूर्वतयारीशिवाय यंत्रणा लादली की काय होते, याचा कटू अनुभव त्याच विद्यापीठाने २०१७ मध्ये घेतला. ऑनलाइन मूल्यांकनाची घाई झाली, निकाल कित्येक आठवडे रखडले, परदेशी शिक्षणाला निघालेल्यांच्या हाती गुणपत्रिका नव्हत्या आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. तो गोंधळ सर्वांना दिसला, कारण त्यात लाखो उत्तरपत्रिका अडकल्या होत्या. एकेका विद्यार्थ्याचे खाते अडकते तेव्हा त्याची बातमी होत नाही. विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो आणि गप्प राहतो.

येथे जबाबदारी कोणाची, हा कळीचा मुद्दा आहे. विद्यार्थ्याने स्वतःचा क्रमांक आधारला जोडावा, ई-मेल स्वतःच्या ताब्यात ठेवावा, पासवर्ड इंटरनेट केंद्राच्या वहीत राहू देऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाला हे अर्ज भरण्यापूर्वी सांगणारे कोणी हवे. आयोगाने २०१९ मध्ये नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ या परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. प्रत्यक्षात अशा कार्यक्रमांत भाषणांना वेळ मिळतो, खाते उघडून देण्याला मिळत नाही. शिवाय हा परिचय प्रवेशानंतर होतो, आणि नुकसान तर त्याआधीच झालेले असते. म्हणूनच हे काम बारावीच्या वर्गापासून, कनिष्ठ महाविद्यालयातील संगणक कक्षात, मराठीतून व्हायला हवे. नावाचा क्रम आणि फोन क्रमांक तपासायला तेथे एक दुपार पुरेशी आहे. आधारमधील दुरुस्तीला मात्र काही दिवस लागतात, आणि जागावाटपाच्या फेरीत तेवढे दिवस नसतात.