रडून कान दुखतोय म्हणून सोडू नका

आमचे आबा मंगळवारी रात्री गेले. त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, आईची खालची उजवी दाढ काढली होती. दाढ वर्षभर किडलेली. गाल सुजला की गोळी घ्यायची, ठणका थांबला की विसरायचे, असेच चालले होते. शेवटी नाक्यावरच्या दवाखान्यात काढून घेतली. डॉक्टरांनी कापूस चावायला दिला, चार गोळ्या दिल्या आणि इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी हातात दिली. ती चिठ्ठी आईच्या पिशवीतच राहिली. दुसऱ्या रात्री घरावर आभाळ कोसळले, मग चिठ्ठीची आठवण कोणाला येणार?

गुरुवारी पहाटे आईचा उजवा कान ठणकायला लागला. घर पाहुण्यांनी भरलेले. कोणी म्हणाले, "रडून रडून कान दुखतोय." कोणी म्हणाले, "स्मशानात वारा लागला." शेजारच्या काकूंनी लसूण टाकून तेल कोमट केले आणि कानात सोडले. काकूंची माया खोटी नव्हती, पण तेलाने काही झाले नाही. शुक्रवारी वस्तीतल्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिली, कान ठीक आहे म्हणाले आणि "धक्का बसलाय, झोप होऊ द्या" म्हणून झोपेची गोळी दिली. तोंड उघडा असे कोणी म्हटले नाही. आईही दाढेबद्दल बोलली नाही. नंतर विचारले तेव्हा म्हणाली, "तुमचे आबा गेले आणि मी दाढेचं रडगाणं गाऊ?"

हा लेख लिहायला बसलो तो या एका वाक्यामुळे.

शनिवारी सकाळी वहिनींच्या ध्यानात आले की आई घास डाव्या बाजूनेच चावते आणि तोंडाला वास येतोय. त्यांनी तिला तशीच सरकारी दंत रुग्णालयाच्या ओपीडीत नेले. केसपेपर, रांग, दीड तास. शिकाऊ डॉक्टर मुलीने आरसा घालून पाहिले आणि लगेच सांगितले, "ड्राय सॉकेट आहे. कान नाही दुखत, दाढेचा खड्डा दुखतोय."

ते असे असते. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. जखमेवर खपली धरावी तशी ती खालच्या हाडाला आणि नसांना झाकून ठेवते. ती गुठळी निघून गेली किंवा विरघळली तर हाड उघडे पडते. मग दाढ काढल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे खरे तर दुखणे कमी व्हायला हवे तेव्हा, ते अचानक वाढते. खालच्या दाढांच्या बाबतीत, त्यातही अक्कलदाढेच्या, हे जास्त होते. ठणका कानात, कानशिलात, कधी डोळ्यापर्यंत जातो. कारण चेहऱ्याच्या मोठ्या नसेची जी शाखा खालच्या दाढांना जाते, तिचीच एक फांदी कानाच्या पुढच्या भागाला जाते. मेंदूला कळत नाही की हाक नेमकी कुठून आली.

गुठळी का गेली तेही त्या मुलीने आईला विचारून विचारून काढले. आबांच्या उशाशी रात्रभर बसायचे म्हणून आईने दोनदा मशेरी लावली होती. स्मशानातून आल्यावर जोरजोरात चुळा भरल्या होत्या. मशेरी आणि तंबाखू जखम भरू देत नाहीत, आणि चूळ भरताना किंवा थुंकताना जो जोर लागतो त्याने गुठळी उखडते. पहिले 24 तास चूळ भरायचीच नाही. त्यानंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात धरायचे आणि मान कलती करून सोडून द्यायचे, पिचकारी मारायची नाही. तंबाखू, मशेरी, विडी निदान तीन दिवस तरी बंद. हे सगळे म्हणे त्या इंग्रजी चिठ्ठीत होते! आमचे म्हणणे आहे की ज्या वस्तीत दवाखाना चालवता त्या वस्तीच्या भाषेत चिठ्ठी छापा, आणि पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही बसवून सांगा. भूल दिलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या काय लक्षात राहणार?

उपचार साधा निघाला. खड्डा सलाईनने धुतला, त्यात लवंगतेलाच्या अर्काची औषधी पट्टी भरली. तासाभरात ठणका उतरला. दोन दिवसांनी पट्टी बदलायला बोलावले. अँटिबायोटिकची चौकशी आम्हीच केली, तर म्हणाली, ताप नाही, सूज नाही, पू नाही, मग त्याची गरज नाही, आणि हे दुखणे त्याने थांबतही नाही. घरचे लवंगतेल खड्ड्यात ओतू नका असेही बजावले, नुसत्या तेलाने आतले मांस भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायची आपल्याकडे सवय आहे, तीही तशीच भाजते. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या; किडनीचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.

पण गाल किंवा जबड्याखालचा गळा सुजत चालला, ताप आला, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, तर घरात सुतक असो की लग्न, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. श्वास अडू लागला तर 108 ला फोन करा. सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतते. कानातून पाणी किंवा पू येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर मात्र तो कानाचाच आजार समजून कानाच्या डॉक्टरला दाखवा.

पट्टीनंतरही आईचा कान पूर्ण थांबला नाही. सकाळी उठली की कानापुढे दुखायचे, जांभई देताना कट् असा आवाज यायचा. पुढच्या खेपेला कळले की ती झोपेत दात आवळते. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. दाढ काढताना तोंड बराच वेळ उघडे राहून तो ताणलेला, त्यात दुःख गिळून रात्र रात्र दात आवळलेले. म्हणजे वस्तीतले लोक अगदीच चुकीचे नव्हते, शोकाचा आणि कानाचा संबंध होता. पण तो शोधायला आधी तोंड उघडून बघावे लागले.

संयुत्तनिकायातल्या सल्लसुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण, आणि त्यावर मन जे तडफडते तो दुसरा. आपल्याकडे प्रवचनात दुसऱ्या बाणावरच बोलले जाते. दुःखाच्या घरी येऊन "सगळं अनित्य आहे, रडू नका" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत विचाराल तर ते वाक्य त्या घरात आठवडाभर तरी कोणी बोलू नये. 1926 साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात आपले दुःख लपवलेले नाही. मग आमच्या आईनेच का लपवावे? आणि पहिला बाण लागलाय हेच कोणी पाहणार नसेल, तर दुसऱ्याचा उपदेश कशाला?

रविवारी जलदान विधी होता, लोकांना सुट्टी असते म्हणून रविवारच धरलेला. बौद्धाचार्य कोण, जेवण किती माणसांचे, मांडव कुठे, हे सगळे मंडळाने उत्तम सांभाळले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण आईला दुपारची गोळी रिकाम्या पोटी देऊ नये हे बघायला कोणीच नव्हते. तीच येणाऱ्यांना पाणी देत होती. आम्ही महिला मंडळात मांडले आहे की ज्या घरी मयत होते त्या घरातल्या जवळच्या माणसासाठी एक बाई किंवा एक पोरगा नेमावा. त्याने विचारायचे: बीपीची, शुगरची गोळी झाली का, जेवलात का, कुठे दुखतेय का, परवा दवाखान्यात कशासाठी गेला होता. काहींना हे फालतू वाटले. एक ताई म्हणाल्या, "दुःखात गोळ्यांचं काय विचारता?" त्यांच्याशी अजून आमचा वाद चालू आहे.

दुःख मनात साचून झोपच उडाली, जगण्यात रस राहिला नाही, असे कोणाचे झाले तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. आई आधी "मी वेडी आहे का" म्हणाली. मग एका रात्री स्वतःच लावून बसली. काय बोलली ते आम्ही विचारले नाही.

दातांसाठी मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत रुग्णालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. सकाळी लवकर जा.

आईचा कान आता अधूनमधून दुखतो. रात्री कानापुढे कोमट फडक्याने शेकते, कडक भाकरी दुधात भिजवून खाते. मशेरी पूर्ण सुटलेली नाही, खोटे का सांगा. डाव्या बाजूची एक दाढ हलते आहे, ती पुढच्या बुधवारी काढायची आहे. वहिनी सोबत जाणार आहेत, आणि चिठ्ठी त्याच वाचणार आहेत.