मुक्तीचा दंडाधिकारी

दिवाळीच्या पणत्या विझल्या न विझल्या तोच बऱ्हाणपुराहून इच्छापूरच्या रस्त्याला मालमोटारी लागतात. खकनार-नेपानगरकडची कोरकू, भिलाला कुटुंबे बिऱ्हाडासकट महाराष्ट्रात ऊसतोडीला निघतात. अशाच एका गड्यास मी मागे विचारले होते, "भाऊ, उचल किती घेतली?" तो म्हणाला, "आकडा मुकादमाच्या वहीत आहे, साहेब."

या उत्तराने मला एका जुन्या नेमणुकीची आठवण झाली. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ रोजी तो अमलात आला. मळेवाल्यांस २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली, आणि गुलामांच्या वाट्यास 'उमेदवारी'च्या गोंडस नावाखाली त्याच मळ्यांवर आणखी काही वर्षांची बिनमजुरीची राबणूक आली. तरीही त्या कायद्यात एक शहाणपण होते. बेटांवरचे दंडाधिकारी बहुधा स्वतःच मळेवाले. मग गाऱ्हाणे न्यावे कोणापुढे? म्हणून विलायत सरकारने आपल्या पगाराचे खास दंडाधिकारी धाडले. मजुरास शिक्षा करण्याचा अधिकार मालकाकडून काढून या अधिकाऱ्यांकडे दिला. ते सगळेच देवमाणसे होते असे मुळीच नाही. कित्येकांनी मळेवाल्यांच्या पंगतीस बसून मजुरांना फटक्यांच्या शिक्षा फर्मावल्या. कित्येक तापाने मेले. जमैकात गेलेले डॉ. मॅडन मळेवाल्यांच्या विरोधास कंटाळून जेमतेम वर्षभरात राजीनामा देऊन परतले.

कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळलेला होता. येथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने गुलामीच्या हक्कास कचेरीचा आधार नाकारला. सोडवणूक करणारा अधिकारी मात्र नेमला नाही. बऱ्हाणपूर तर तेव्हा शिंद्यांच्या अमलात, त्यास तेवढाही कायदा लागू नव्हता.

प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे, हे मी जाणतो. पण उचल फिटेपर्यंत माणसाला फड सोडता येत नसेल, तर तिला दुसरे नाव नाही. १९७६ च्या कायद्याने असले कर्ज रद्द ठरवले, आणि ते वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. अंमलबजावणी सोपवली जिल्हाधिकाऱ्याकडे. म्हणजे निवडणूक, टंचाई, मिरवणुकीचा बंदोबस्त सांभाळून उरेल त्या वेळात! १९८२ च्या मार्चात फरिदाबादच्या दगडखाणींतून सुमारे १३५ मजूर सोडवून तेव्हाच्या मध्यप्रदेशातील त्यांच्या गावी पोचवले गेले. सहा महिन्यांनी नीरजा चौधरी या पत्रकार बाई तेथे गेल्या, तो पुनर्वसनाचा पत्ता नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले.

आमच्या जिल्ह्याची अडचण आणखी वेगळी. मजूर इथला, फड महाराष्ट्रातला. इथल्या जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम इच्छापूरच्या पुढे चालत नाही, आणि तिथल्यास या माणसांची नावेही ठाऊक नसतात. दोन्ही सरकारांनी मिळून हंगामापुरता तरी एक दंडाधिकारी याच एका कामास द्यावा. त्याचा पगार साखरेच्या पैशावर अवलंबून नसावा, आणि त्याचा मुक्काम कारखान्याच्या अतिथिगृहात नसावा. मालमोटार सीमा ओलांडण्याआधी त्याने मुकादमाची वही उघडावी आणि त्या गड्यासमोर, त्याला कळेल अशा बोलीत, त्याच्या नावापुढचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.