टँकर की विहीर?

"साहेब, पैसे टाकल्याशिवाय वेबसाइटवर कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

कोल्हापुरात चपलांचं दुकान असलेल्या माझ्या एका स्नेह्याला एक जाहिरात-एजंट हे ऐकवत होता, तेव्हा मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर चहा पीत बसलो होतो. एजंटाच्या हातात तीन पॅकेजांचा गुळगुळीत कागद होता: चांदी, सोनं आणि प्लॅटिनम. स्नेह्यानं जरा घुटमळत चांदीवर बोट ठेवलं. तीन महिन्यांनी त्याला एक रंगीत आलेख मिळाला. त्यातली रेघ गडाच्या वाटेसारखी वर चढत गेली होती आणि इतके हजार लोक येऊन गेले, असं खाली लिहिलं होतं. त्या हजारांतल्या एकानंही चपलेचा जोड घेतला नव्हता. पॅकेज संपलं त्याच आठवड्यात रेघ पुन्हा जमिनीला टेकली.

एजंटाला खोटारडा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याचा पूर्वपक्ष इतका लेचापेचा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. बाजारात लाखो वेबसाइटी आहेत. त्यांत तुमची कुणाला दिसणार? दिसायचं तर जाहिरात द्या. जाहिरात परवडत नसेल तर गुगलच्या पहिल्या पानावर चढवून देणाऱ्या जाणकाराला धरा. तेही नको असेल तर वेबसाइट सोडा, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप पुरे. वर 'बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही' ही म्हण तोंडी लावायला आहेच. छोट्या दुकानदाराला हे तिन्ही सल्ले आलटून पालटून मिळत असतात आणि तिन्ही त्याला पटतातही. मला तिन्ही अमान्य आहेत. का, ते एकेक करून सांगतो.

पहिला सल्ला जाहिरातीचा. गुगलवरची जाहिरात म्हणजे लिलाव. २००० साली गुगलनं ही सोय सुरू केली. आता कुणी काही शोधलं की ती जागा कुणाला द्यायची याचा निवाडा त्याच क्षणी होतो, आणि जाहिरातीवर बोट पडलं की दुकानदाराच्या खात्यातून पैसे वळते होतात. समजा, एका क्लिकला १० रुपये पडले. शंभर माणसं आली, म्हणजे १,००० रुपये गेले. त्यातल्या दोघांनी जोड घेतला आणि एका जोडामागे ३०० रुपये सुटले, म्हणजे आले ६००. धंदा झाला, गिऱ्हाईक खूश झालं आणि दुकानदार ४०० रुपयांनी खड्ड्यात गेला. ज्याच्याकडे शंभर प्रकारचा माल आहे आणि पहिल्या खरेदीतला तोटा पाचव्या खरेदीत भरून काढायची ऐपत आहे, त्याला हा खेळ परवडतो. कोल्हापुरी चपलेचा एक जोड माणूस नीट वापरला तर वर्षानुवर्षं घालतो. तिथं पाचवी खरेदी कधी यायची?

शिवाय हा लिलाव नुसत्या बोलीवर सुटत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या कामाची आहे का, ती ज्या पानावर नेते ते पान बरं आहे का, हेही गुगल तोलतं. म्हणजे पान फुसकं असेल तर पैसे टाकूनही मार बसतोच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

उन्हाळ्यात गावोगावी टँकर येतो. त्याला नावं ठेवणारा मी कोण? तहान लागली की टँकर हवाच. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, लग्नसराईत, नवा माल आला तेव्हा मोजके पैसे घालून जाहिरात जरूर द्यावी. पण टँकरवर शेती होत नाही. पैसे थांबले की पाणी थांबतं आणि मागं ओलसुद्धा राहत नाही. स्नेह्याच्या आलेखातली रेघ जमिनीला टेकली ती याच कारणानं.

दुसरा सल्ला जाणकाराला धरण्याचा. 'गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी' अशी पाटी लावून बसलेले हे लोक मला जत्रेतल्या ताईतवाल्यांसारखे वाटतात. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनंच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. यांची हत्यारं तरी कुठली? एक, पानाच्या पोटात कीवर्डची दडवलेली यादी भरणं. त्या यादीकडे आम्ही क्रमवारीसाठी बघतही नाही, असं गुगलनं २००९ सालीच जाहीर केलं. दुसरं, शेकड्यानं विकत मिळणाऱ्या लिंका. गुगलची मूळ कल्पना अशी होती की एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या दर्जाची पानं बोट दाखवतात, त्यावरून त्याची पत ठरवायची. गावातली चार शहाणी माणसं 'त्याच्याकडेच जा' म्हणतात, तेव्हा त्या माणसाची पत वाढते, तसंच हे. पण हीच चार माणसं पैसे घेऊन दिवसभर पन्नास जणांची नावं सुचवायला लागली, तर गाव त्यांचं ऐकेल का? एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल करून गुगलनंही असल्या भाडोत्री शिफारशींवर बडगा उगारला. त्याला इतकी वर्षं उलटून गेली, तरी त्याच लिंका आजही 'सोनं' पॅकेजात खपवल्या जातात.

तिसरा सल्ला जास्त शहाणा आहे, म्हणून जास्त फसवा आहे. 'वेबसाइट हवी कशाला? सगळं गिऱ्हाईक मोबाइलवरच आहे.' यातलं अर्धं मला मान्य आहे. छोट्या धंद्यांसाठी व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप २०१८ मध्ये आलं आणि ऑर्डर घ्यायला, फोटो धाडायला, ओळख टिकवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण ती दुसऱ्याची ओसरी आहे. मालकानं नियम बदलले की आपली वळकटी उचलावी लागते. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे शोधाची. आज टाकलेली रील परवा खाली वाहून जाते. तीन महिन्यांनी नागपुरातल्या कुणाला प्रश्न पडला, की कोल्हापुरी पावसात घातली तर चालते का, तर ती रील त्याला सापडायची कशी? रील दाखवली जाते, तेव्हा माणूस काही मागत नसतो. तो शोधायला बसतो, तेव्हा त्याला काहीतरी नड असते. धंदा नडीपाशी होतो.

आता मंडन. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, गिऱ्हाईक 'आणायचं' नसतंच. ते आपला प्रश्न घेऊन आधीच वणवण फिरत असतं, आपण त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या दारात ठेवायचं. ही विहीर खणायला पैसे कमी लागतात, घाम जास्त लागतो. आणि कुठं खणायचं हे छोट्या दुकानदाराइतकं कुणालाच ठाऊक नसतं, कारण प्रश्न रोज त्याच्याच गल्ल्यावर येऊन आदळतात.

मी स्नेह्याला एक वही दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव. वही भरली ती अशी: "नवी चप्पल चावते का हो?" "पावसात चालेल?" "कापशी आणि कुरुंदवाडीत फरक काय?" "करकर वाजते ती कशानं?" "पाऊल रुंद आहे, नंबर कुठला घेऊ?" "खरं चामडं कसं ओळखायचं?" आणि आमच्या या गड्याच्या वेबसाइटवर काय होतं? 'उत्तम दर्जा आणि ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' हे वाक्य आजवर जगातल्या एका तरी माणसानं गुगलमध्ये टाइप केलं असेल का?

मग आम्ही एकेका प्रश्नाचं एकेक पान करायला घेतलं. सुरुवात मापापासून केली, कारण दूरच्या गिऱ्हाइकाचं घोडं तिथंच अडतं. स्नेही बोलत गेला आणि त्याचा भाचा टाइप करत गेला. "कागद फरशीवर ठेवा, गादीवर नको. त्यावर पाय ठेवून उभे राहा, बसून माप घेऊ नका, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल फिरवायला सांगा. पेन्सिल उभी धरा. तिरकी धरली तर ती तळव्याखाली घुसते आणि माप चोरीला जातं. दोन्ही पायांचं माप घ्या, दोन्ही सारखे नसतात. अंगठ्याजवळ हाड वर आलं असेल तर तिथं फुली मारा." हे शब्द कुठल्याही एजन्सीला सुचले नसते. बापाच्या हाताखाली चामड्याच्या तुकड्यावर बसून ते शिकावे लागतात. दुसरं पान नव्या चपलेच्या पहिल्या आठवड्याचं झालं: आधी घरात घाला, पट्ट्याला तेलाचा हात द्या, भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा.

यात मी काही नवा शोध लावलेला नाही. किर्लोस्करवाडीच्या नांगर बनवणाऱ्या कारखान्यानं १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला निघालेलं ते पत्र वाचण्याजोगं होत होत मराठीतलं मातबर मासिक झालं. १९७३ पासून 'कालनिर्णय' घराघरांत भिंतीवर टांगलं जातं, ते नुसत्या तारखांसाठी नव्हे. तिथी, सण आणि पानाच्या पाठचा मजकूर असं कामाचं काहीतरी त्यात हाती लागतं. आधी उपयोगी पडा, मग नाव आपोआप घरात राहतं, हा धडा आपल्याच भाषेत गिरवून झालेला आहे.

विहिरीचं बाकीचं बांधकामही फुकट किंवा जवळपास फुकट आहे. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसा लागत नाही. तिथला क्रम गिऱ्हाइकाच्या शोधाशी दुकान किती जुळतं, किती जवळ आहे आणि त्याचा लौकिक किती, यावर ठरतो. पैसे देऊन तो वर सरकवता येत नाही, असं गुगलच सांगतं. मात्र साप्ताहिक सुट्टीचा वार बरोबर टाकावा लागतो. अंबाबाईचं दर्शन घेऊन चपला घ्यायला आलेला माणूस बंद शटर बघून गेला, तर तो परत येत नाही. 'सर्च कन्सोल' हे गुगलचंच फुकटचं साधन. लोक कोणते शब्द शोधत तुमच्या पानापर्यंत आले ते त्यात दिसतं. वहीतल्या प्रश्नांना ही दुसरी वही जोडायची.

मग घरातला कचरा काढायचा. मोबाइलवरून उचलून जसाच्या तसा चढवलेला पाच एमबीचा फोटो खेड्यातल्या नेटवर्कवर उघडेपर्यंत माणूस निघून जातो, म्हणून तो आधी लहान करावा. 'किमतीसाठी संपर्क साधा' ही पाटी उतरवून किंमत लिहावी. फोन नंबर चित्रात न ठेवता बोट लावताच फोन लागेल असा ठेवावा. आणि शिफारशी मागायच्या तर खऱ्या माणसांकडे मागाव्यात: पन्हाळ्यावर पाहुणे उतरवणारा, लेझीम पथकाला चपला घेऊन जाणारा, चामडं पुरवणारा. त्यांनी आपल्या पानावर आपलं नाव घ्यावं, आपण त्यांचं घ्यावं. हीच पत, आणि ती शेकड्यानं विकत मिळत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, वेळ म्हणजे पैसाच की. खरं आहे. विहिरीला पाणी लागायला महिने जातात आणि तोवर घरभाडं थांबत नाही. पण दुपारी दोन ते चार दुकानात माशा मारण्याचा वेळ कुणी विकत घेत नाही, तो मात्र या कामी लावता येतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. २०२४ पासून भारतातही गुगल कितीतरी शोधांना वरच्या वर यंत्रानं रचलेलं उत्तर देतं. मग तुमच्या पानावर कोण येणार? कबूल, काही पावलं वरच्या वर परत जातील. 'कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय' एवढंच ज्याला हवं होतं, तो येणार नाही. पण तो चप्पल घ्यायलाही येणार नव्हता. रुंद पावलाच्या, हाड वर आलेल्या माणसाला मात्र उत्तरानंतर कारागीर लागतो. आणि यंत्र तरी उत्तर कुठून आणणार? कुणीतरी लिहून ठेवलेल्यातूनच. लिहिणारा कारागीर नसेल, तर भलताच कुणीतरी असेल.

ही भीती हवेतली नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, हे मान्य केलं. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळालेलं होतं. कायद्याचा कागद होता आणि पिढ्यांचं ज्ञानही होतं. पण जग शोधायला निघालं, तेव्हा 'खरी कोल्हापुरी कशी असते' हे कारागिराच्या तोंडून सांगणारी पानं किती होती? बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात. विकत असेल, एकदा. माझा आग्रह एवढाच, की सोनं असणाऱ्यानं बोलावं, आणि ओरडून नव्हे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन.

परवा पुन्हा त्याच स्टुलावर बसलो होतो. आता स्नेह्याकडे रंगीत आलेख नाही, आणि रांग लागली आहे असंही नाही. पण त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. नागपूरहून कुणी अनोळखी बाईंनी वहीच्या कागदावर काढलेल्या दोन पावलांचा फोटो पाठवला होता. उजव्या अंगठ्याजवळ फुली होती आणि खाली एक ओळ: "पेन्सिल उभीच धरली आहे."