एकच बिल, दोन बेरजा

दिवाळीनंतरच्या एका रात्री आमच्या वस्तीतील एक मुलगी आईला घेऊन घरी आली. शहरातल्या एका मोठ्या साखळी दुकानात ती कॅश काउंटरवर बसते. दुकानाचे नाव आम्ही येथे देत नाही. "काका, तीन महिने माझ्या पगारातून तूट कापतात. मी एक पैसा घेतलेला नाही," एवढे बोलून ती गप्प झाली. आई म्हणाली, "पैसे गेले तर गेले साहेब, पण तिथे पोरीकडे सगळे कसे बघतात!" कापलेली रक्कम महिन्याला तीनशेच्या आसपास होती. त्याहून मोठी गोष्ट आईने सांगितलीच होती.

आम्ही बी.कॉम. झालेलो साधे कारकून. रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहून परीक्षा दिली. ताळा जुळला नाही तर फरकाची रक्कम नीट पाहायची, ही सवय मात्र अजून आहे. मुलीने दिवसाचे आकडे एका वहीत उतरून ठेवले होते. (शाबास तिची!) ती वही घेऊन आम्ही बसलो.

दोन गोष्टी लगेच दिसल्या. तूट नेहमी पूर्ण रुपयांत होती आणि जादा रक्कम एकदाही नव्हती. माणसाच्या हातून सुट्ट्या पैशांची चूक झाली तर कधी कमी, कधी जास्त होते. दुसरे म्हणजे, तूट फक्त रविवारी आणि पगाराच्या आठवड्यात येत होती. आम्ही विचारले, "त्या दिवशी वेगळे काय असते?" ती म्हणाली, "गर्दी असते. मग काउंटरचा संगणक सोडून हातातल्या यंत्रावर बिल करतो."

येथे गाठ सुटली. काउंटरचा संगणक विंडोजवर चालतो, हातातले यंत्र अँड्रॉइडवर. दोघांचे प्रोग्रॅम दोन वेगळ्या ठेकेदारांनी लिहिलेले. ३४७ रुपयांवर पाच टक्के सूट दिली की ३२९ रुपये ६५ पैसे होतात. संगणक ५० पैसे व त्यावरील रक्कम वर नेऊन ३३० करतो. हातातले यंत्र पैसे सरळ सोडून देते आणि ३२९ मागते. गिऱ्हाईक ३२९ देते. परंतु ते यंत्र मुख्य कार्यालयाला फक्त मालाची यादी पाठवते. बेरीज तिथे पुन्हा होते, तीही संगणकाच्या रीतीने, म्हणजे ३३०. गल्ल्यात एक रुपया कमी! एका रविवारची ११८ रोख बिले आम्ही मोजली. ५० किंवा त्याहून जास्त पैसे असलेली ४३ निघाली. त्या दिवशीची तिची तूट होती ४३ रुपये.

ही अडचण नवी नाही. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राला वेगळा प्रोग्रॅम लागे. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहा. म्हणून १९५९ साली अमेरिकेत कोबोल ही व्यापारी हिशोबाची सामाईक भाषा ठरवायला घेतली. ग्रेस हॉपर या बाईंच्या आधीच्या कामाचा तिला मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ तोच कोबोल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. १९९५ साली जावा आली, तीही एकदा लिहा आणि कुठेही चालवा असे सांगतच. आज फ्लटरसारख्या साधनांनी एकाच लिखाणातून अँड्रॉइड आणि विंडोज दोन्हींचे प्रोग्रॅम करता येतात.

दुकानात तर यंत्रांची जत्राच असते. काउंटर, तराजू, गोदाम, मालकाचा मोबाईल. पडदे वेगवेगळे असोत. पण सूट किती, कर किती, पैसे कुठे सोडायचे, हे नियम एकाच जागी लिहून सर्वांनी तिथूनच घ्यावे लागतात. जाणते लोक रकमा रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात, कारण ०.१० हा साधा आकडाही संगणकाला त्याच्या दोनच अंकांच्या रीतीत तंतोतंत मांडता येत नाही. आणि नवे यंत्र आणले की तीच शंभर बिले जुन्या व नव्या दोन्हींवर करून पाहतात. या दुकानात ते कोणी केले नव्हते. स्वस्तातला ठेकेदार मिळाला असेल.

आम्ही मुलीसोबत व्यवस्थापकांकडे गेलो. ते म्हणाले, "संगणक चुकत नाही." आम्ही म्हटले, "बरोबर, दोन्ही यंत्रे सांगितले तेच करतात. सांगणारे दोन आहेत." मग अर्ज पुढे केला. पैशांची तूट कामगाराच्या हयगयीमुळेच झाली असेल तरच पगारातून कापता येते आणि आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. त्यांनी अर्जावर पोच दिली.

पंधरा दिवसांनी दोन महिन्यांची रक्कम परत मिळाली. तिसऱ्या महिन्याची बाकी आहे. त्याच दुकानातल्या आणखी चार मुली आता रविवारी आपापल्या वह्या घेऊन आमच्याकडे येतात.