मागाहून सुख

विट्याहून पुण्यास लग्नकार्यासाठीं, औषधोपचारासाठीं किंवा मुलांच्या शिक्षणासाठीं जाणें आपल्याकडील कुटुंबांस नवें नाहीं. कामें उरकलीं कीं मंडळी परतीची गाडी धरतात. अशा वाचकांस या महिन्यांत एक सूचना करावयाची आहे. पुढल्या खेपेस एक सकाळ राखून ठेवावी आणि पर्वतीनजीक सिंहगड रस्त्यावर असलेलें पु. ल. देशपांडे उद्यान घरांतील लहानथोरांसह पाहून यावें. पुणें व जपानांतील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीचें प्रतीक म्हणून २००६ सालीं हें १० एकरांचें उद्यान खुलें झालें. जपानास जाण्याचा योग सर्वांसच येतो असें नाहीं. परंतु जपानी मनाचा एक कोपरा येथें अल्प मोलांत पाहावयास मिळतो.

मात्र पाहावयाचें कसें, हें जाणून गेलें पाहिजे. आपल्याकडील बागेंत फुलांचे ताटवे आंखून काढलेले असतात व दारांतूनच बहुतेक सारें दिसतें. जपानी उद्यानाची रीत निराळी. तेथील वाट मुद्दाम वळणें घेते. एक देखावा झांकते आणि चार पावलांनंतर दुसरा उघडते. पाणी, पाषाण, हिरवळ व पूल यांना फुलांहून अधिक मान. शिवाय कुंपणापलीकडील टेकडी किंवा इमारत हीहि उद्यानाचाच भाग मानून रचना केलेली असते. या युक्तीस जपानी लोक ‘उसना घेतलेला देखावा’ म्हणतात. म्हणून तेथें घाईनें चालूं नये. मुलांना वळणावळणावर थांबवून, आतां नवें काय दिसलें, असें विचारावें.

या उद्यानाचा मूळ आदर्श म्हणजे ओकायामा येथील कोराकुएन. ओसाकाहून शिन्कान्सेन या वेगवान गाडीनें ओकायामास सुमारें पाऊण तासांत पोंचतां येतें. इकेदा त्सुनामासा या संस्थानिकाच्या आज्ञेवरून १६८७ सालीं उद्यानाचें काम सुरू झालें व १७०० सालीं तें पुरें झालें. कानाझावा येथील केनरोकुएन व मितो येथील काइराकुएन यांच्यासह जपानांतील तीन श्रेष्ठ उद्यानांत याची गणना होते. १९३४ च्या महापुरानें व १९४५ च्या बाँबवर्षावानें त्याची हानि झाली. तथापि जुन्या चित्रांच्या आधारें तें पूर्ववत् उभारलें गेलें. विस्तीर्ण हिरवळ, तळीं, ज्याच्या मधूनच ओढा वाहतो असें विश्रामगृह, आणि उसन्या देखाव्यांत पलीकडचा किल्ला, हें सारें प्रवासी पाहतात. परंतु राजाच्या विलासोद्यानांत भाताचीं खाचरें व चहाचा मळाहि आहे, याकडे आमच्या शेतकरी मुलखांतील माणसानें अवश्य लक्ष द्यावें.

नांवाची कथा तर याहून मोलाची. किल्ल्याच्या पिछाडीस म्हणून त्यास पूर्वीं नुसतें ‘मागील उद्यान’ म्हणत. १८७१ सालीं ‘कोराकुएन’ हें नांव पडलें. ‘को’ म्हणजे मागाहून, ‘राकु’ म्हणजे सुख, ‘एन’ म्हणजे उद्यान. राज्यकर्त्यानें प्रजेच्या आधीं चिंता वाहावी व प्रजेच्या मागाहून सुख भोगावें, या जुन्या चिनी विचाराचा त्यास आधार आहे. त्याच वर्षीं जपानांतील संस्थानें खालसा झालीं, आणि १८८४ सालीं उद्यान सर्व लोकांस खुलें झालें. म्हणजे राज्य सुटण्याच्या वेळीं हें नांव सुचलें! हंसूं येण्याजोगी गोष्ट खरी. पण उशिरां सुचलेलें सत्य हेंहि सत्यच. आपल्या शेजारच्या औंध संस्थानांत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं मात्र १९३९ सालीं, गादीवर असतांनाच, राज्यकारभार प्रजेच्या हातीं दिला. औंधचें संग्रहालय पाहणाऱ्यांनीं हेंहि स्मरावें.

संस्कृतांत यास नेमका शब्द आहे: विघसाशी. अतिथि, आश्रित व पोष्यवर्ग यांचें भोजन झाल्यावर जें उरेल तें खाणारा गृहस्थ, असा त्याचा अर्थ. येथें कर्ता ‘गृहस्थ’ आहे, हें विसरतां कामा नये. ज्याला पहिल्या पानावर बसण्याचा अधिकार आहे, त्यानें आपण होऊन मागें राहणें हें व्रत. ज्याला पुढें बसण्याची मुभाच नाहीं, त्याला मागें ठेवणें हें व्रत नव्हे. ती सक्ति होय. आमच्या एकत्र कुटुंबांत पुरुषांची व मुलांची पंगत आधीं, आणि निवलेला भात व उरलीसुरली भाजी सुनांच्या वांट्याला, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. आणि त्यास आम्हीं ‘त्याग’ असें गोड नांव दिलें. तो त्याग थोर असेल तर कर्त्या पुरुषानेंच तो प्रथम करून दाखवावयास हवा होता. आज पुष्कळ घरांत सारीं माणसें एकत्र जेवावयास बसतात, हें उत्तमच. तरी सणावारीं जुना क्रम अद्याप डोकावतो.

म्हणून येत्या सणास घरांतील कर्त्या मंडळींनीं पंचा खोंचून वाढावयास उभें राहावें. तव्यावरची पहिली पुरणपोळी सुनेच्या पानांत पडावी, आणि आपण मागाहून बसावें. कोणी वडीलधारें कुरकुरलेंच, तर त्यांस आदरानें पुण्याच्या त्या उद्यानांत घेऊन जावें आणि एखाद्या सावलींत बसवून ओकायामाच्या उद्यानाच्या नांवाचा अर्थ सांगावा.