प्राप्तिकराचं मागणीपत्र आलं तर...



घरात सरकारी पाकीट आलं, की ‘हे आले की बघतील’ म्हणून आपण ते कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवतो. विजेच्या बिलाचं एक वेळ चालून जाईल, प्राप्तिकर खात्याच्या मागणीपत्राचं नाही चालत. ते हाती पडल्यापासून साधारण तीस दिवसांची मुदत असते. ती उलटली, की दर महिन्याला एक टक्का व्याज चढतं आणि खात्याला बँकेतलं खातंही गोठवता येतं.

तुम्ही म्हणाल, ‘आम्हा घरी बसणाऱ्या बायकांना कसला आलाय प्राप्तिकर?’ पण आमच्या पवन मावळाकडे पाहा. धरणाभोवती बंगले उठले, जमिनींना भाव आला. सातबाऱ्यावर लेकीसुनांची नावं असतातच, मग खरेदीखतावर सह्याही त्यांच्याच. ठरावीक रकमेपेक्षा मोठा व्यवहार नोंदला गेला, की त्याची माहिती प्राप्तिकर खात्याकडे जाते.

पवनानगरातल्या एका वहिनींचं असंच झालं. यजमान गेल्यावर त्यांनी वडिलोपार्जित तुकडा विकला. खात्याची पत्रं गेली ती पुतण्याने कधीकाळी काढून दिलेल्या ई-मेलवर. ती कुणी उघडलीच नाहीत. उत्तर नाही म्हणून अधिकाऱ्याने एकतर्फी हिशेब केला आणि लाखांतली मागणी आली. वहिनींचं जेवणखाण सुटलं. त्यात एकाने सल्ला दिला, ‘राहतं घर मुलाच्या नावावर करून टाका.’

हा सल्ला मात्र कुणी ऐकू नका! वसुली चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर रद्द ठरू शकतं. नवऱ्याने मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेली मिळकतसुद्धा त्याच्या थकबाकीपोटी धरता येते.

मग करायचं काय? आधी पत्र खरं आहे का, ते पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फोनवर पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पत्र खरं असेल, तर मागणी बरोबर आहे का, हे जाणकाराला विचारा. बेरीज चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मागणीच मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील. त्याची फी हजार रुपयांपर्यंतच असते. अपील चालू असताना वसुली थांबवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तेव्हा साधारणपणे वीस टक्के रक्कम भरायला सांगतात. मागणी योग्यच असेल, तर मुदतीच्या आत हप्ते मागून घ्या.

आणि कर गेलेल्या माणसाच्या नावावरचा असेल, तर वारसाची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीपुरतीच असते. तुमच्या स्वतःच्या कमाईला हात लागत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही चिंता खरीच. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो! आपल्या तालुक्याची विधी सेवा समिती वडगावच्या न्यायालयात आहे. जिल्ह्याचं प्राधिकरण पुण्याला. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. जाताना पत्र, खरेदीखत, सातबारा, पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक बरोबर घ्या.

वहिनी तशाच वडगावला गेल्या. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, तो जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून किती दूर आहे हा. कारण खेड्यातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र ती हद्दीपासून, नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे, दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या पलीकडे हवी, आणि हे अंतर सरळ रेषेत मोजतात. अंतराचा दाखला आणि पीकपाहणीचे उतारे जोडून अपील मुदतीत दाखल झालं. निकाल अजून यायचाय, पण काही रक्कम भरल्यावर वसुली थांबली आहे आणि वहिनींचं बँकेतलं खातं सुरू आहे.

तेव्हा एवढं करा : घरच्या पॅनला कुणाचा फोन आणि कुणाचा ई-मेल जोडलाय, ते या रविवारी विचारून घ्या. दुसऱ्याचा असेल तर बदलून आपला घाला, आणि पंधरा दिवसांतून एकदा तो उघडून पाहत जा, बरं का!